समुद्रावर आलेला धूर

मी एक गोल कागद बोलतोय. तळहाताएवढा, पांढराशुभ्र. माझ्यावर कुणी लिहीत नाही. माझ्यातून हवा गाळतात. कारखान्यातून निघालो तो बंद पाकिटातून थेट एका संशोधन-जहाजावर, ताईंच्या हाती पडलो. हवेतल्या धुळीचा अभ्यास करणाऱ्या या बाईंना जहाजावर सगळे ताईच म्हणत, वयानं मोठे असलेले कप्तानसुद्धा.

तेव्हा समुद्रापलीकडची जंगलं तीन आठवडे जळत होती. धूर हजारो मैल ओलांडून आमच्यापर्यंत आला. भरदुपारी सूर्य तांबडालाल दिसू लागला. ताईंनी मला चिमट्यानं उचललं आणि डेकवरच्या उंच नळीत बसवलं. पंप हवा ओढू लागला. दोन दिवसांत मी काळाठिक्कर पडलो.

तिसऱ्या दिवशी वारा उठला. कप्तानांनी जहाज वळवायचं ठरवलं. वळलं, की जहाजाचाच धूर माझ्यावर येणार आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडणार. ताईंनी हुज्जत घातली नाही.

"दहा मिनिटं द्या, काका. जंगलाची राख आणि आपल्या इंजिनाची काजळी एकदा मिसळली, की वेगळी कोण करणार?"

कप्तान म्हणाले, "आठ देतो. दोर बांधून जा."

सुकाणू दुसऱ्याकडे सोपवून दोराचं टोक त्यांनी स्वतः धरलं. ताईंनी मला काढून डबीत घातलं, तोच लाट आली. त्या आपटल्या, कपाळाला खोक पडली, पण डबी छातीशी घट्टच. आत आल्यावर त्यांनी आधी झाकण तपासलं, मग रक्त पुसलं.

पंधरवड्यानं तिथला निळा समुद्र हिरवट झाला. प्रयोगशाळेत मला अर्धा कापून तपासलं, तेव्हा राखेत लोह सापडलं. तीच राख समुद्रातही पडली होती. तिच्यातल्या लोहावरच पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती फोफावल्या होत्या, आणि हवेतला कार्बन शोषत होत्या.

कप्तानांना बरं वाटलं. जंगलाचं नुकसान समुद्रानं भरून काढलं म्हणायचं का, असं त्यांनी विचारलं.

"थोडंसं. तेही किती दिवस टिकेल, ठाऊक नाही," ताई म्हणाल्या. "हीच काजळी बर्फावर पडली, तर बर्फ लवकर वितळतो. समुद्राच्या भरवशावर जंगलं जळू द्यायची नसतात, काका."

आता मी थंड कपाटात असतो. माझा उरलेला अर्धा भाग ताईंनी मुद्दाम राखून ठेवलाय. आज सुचले नाहीत ते प्रश्न उद्या कुणाला तरी सुचतील, म्हणून. ते तुम्ही असाल, तर मला जपून उचला. माझ्या अंगावरची ही काळी पूड कधीकाळी झाडांची पानं होती.