अर्ध्या मिनिटाचा उशीर

उंदराचा मेंदू धक्का न लावता काढण्यात तात्यांचा हात कुणी धरू शकत नसे. सव्वीस वर्षं ते प्रयोगशाळेचं प्राणिघर सांभाळत होते. उंदीर मारायचे तेच, मेंदू काढून गोठवायचे तेच. "घ्या डॉक्टरीणबाई, तुमची पदवी," म्हणत ते मेंदूची नळी पुढे करायचे. ज्या मुलीला ते असं म्हणत तिचा प्रबंध अजून लिहून व्हायचा होता, पण ती हसून नळी घ्यायची.

तिचा विषय तसा सरळ होता. मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं. निरोप पोचला की एक एन्झाइम ते फस्त करतं. तिचं औषध त्या एन्झाइमचं तोंड बांधायचं, म्हणजे रसायन साठून राहायचं. औषध दिलेल्या उंदरांत ते साध्या उंदरांच्या तिप्पट निघालं. तिचे मार्गदर्शक सर खूश झाले आणि महिन्याभरात प्रबंध द्यायचं ठरलं.

मग तात्या तापाने पडले आणि शेवटचे बारा उंदीर तिने स्वतः मारले. फरक दीडपटीवर आला. औषधवाल्यांचा आकडा जागचा हलला नव्हता, साध्यांचाच दुप्पट झाला होता.

तिने यंत्र तपासलं, द्रावणं बदलली, चार दिवस डोकेफोड केली. तात्या कामावर आले तेव्हा म्हणाली, "माझ्या हाताला यशच नाही, तात्या. हे बारा सोडूनच द्यावेत."

तात्यांना मात्र खरं कारण कळलं होतं. उंदीर मेला तरी त्याचं एन्झाइम लगेच मरत नाही, रसायन खातच राहतं; सरांच्या तोंडून हे त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. आणि प्रत्येक उंदीर मारल्यावर तात्या त्याला तळहातावर घेऊन अर्धा मिनिट थांबत, मनातल्या मनात माफी मागत. हसं होईल म्हणून कुणाला कधी सांगितलं नव्हतं. औषधवाल्या उंदरांत त्या उशिराने काही बिघडत नसे, साध्यांत मात्र निम्मं रसायन संपत असे. गप्प बसलं तर पोरीला पदवी मिळणार होती. बोललं तर तिचा प्रबंध आणि आपली सव्वीस वर्षांची अब्रू, दोन्ही जाणार होती.

दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

"प्रत्येक वेळी?" तिने विचारलं.

"प्रत्येक वेळी. एखाद्याचा लळा लागलेला असला तर जरा जास्तच."

ती चिडली, मग सगळे प्रयोग पहिल्यापासून करायला बसली. प्रबंध सहा महिने पुढे गेला. सरांनी तात्यांना काढलं नाही, टेबलावर घड्याळ तेवढं ठेवलं.

आता मेंदू काढायला तात्या क्षणभरही थांबत नाहीत. माफी ते आदल्या दिवशीच मागतात, पिंजरा साफ करताना. पूर्वी ते सोपं जायचं. आता उंदीर त्यांच्या हातातला दाणा खाता खाता मान वर करून बघतो.