कमी पडलेली नऊ माणसं

लकव्यानंतर चिमणच्या उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. बायको आधीच गेली होती, मुलगी उंबरगावला नांदत होती. सायवनच्या पाड्यावरच्या त्याच्या घरात आठवड्यातून दोनदा दक्षा यायची, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. तलासरीत एका संशोधन प्रकल्पाचं छोटंसं ऑफिस होतं. तिथून ती स्कूटीवर यायची. कोपराखाली चिकटपट्ट्या लावून डबीएवढं यंत्र चालू केलं की विजेच्या बारीक झटक्यांनी बोटं उघडायची. सात महिन्यांत चिमण यंत्राशिवायही तांब्या धरू लागला.

मग एकदा ती आली आणि पट्ट्या न लावताच यंत्र पिशवीत भरू लागली.

"काका, प्रकल्प बंद होतोय. पुढचा निधी मंजूर नाही झाला."

"माझा हात तर सुधारला ना?"

"सुधारला. पण वीस माणसांवर करून दाखवायचं होतं. आम्हाला अकराच मिळाली."

दोन दिवस चिमण नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन निघाला. पाड्यापाड्यांवर विचारत फिरला, लकव्यानं कोणाचा हात गेलाय का? डोंगराकडच्या शेवटच्या घरात बायजी भिंतीला टेकून बसली होती. चार वर्षांत तिला हाताबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

"खरंच उघडंल?"

"माझा उघडला."

तीन आठवड्यांत नऊ नावं झाली. बायजीच्या सुनेनं ती कागदावर उतरवून दिली.

चिमण जीपने तलासरीला गेला. ऑफिसच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराकडूनच त्याने दक्षाला फोन लावला. ती आता वापीला नोकरीला होती.

"नऊ माणसं मिळाली. कोणाला देऊ नावं?"

"सध्या कोणालाच नाही, काका. प्रकल्पाच्या सरांनी परत अर्ज केलाय. मिळालाच निधी, तरी दोन वर्षं जातील."

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर सांगत फिरला. कोणी मान डोलावली, कोणी पाणी दिलं. बायजीकडे तो शेवटी पोचला.

"नाय होणार," तो म्हणाला.

"एवढंच सांगाया चालत आलास?"

"तू वाट बघत बसली असतीस."

बायजीने तोंड फिरवलं. चिमण थोडा वेळ दारात उभा राहिला, मग एकटाच उतार उतरू लागला.