बोहणीआधी

आंजी गावाच्या बाजारओळीत सदाशिवरावांचे किराणा दुकान पहाटे सहाला उघडत असे. घराची वाटही दुकानातूनच होती.

त्यांच्या थोरल्या भावजयीचे, धुरपताबाईंचे, हृदय अशक्त झाले होते. वर्ध्याच्या इस्पितळाने २००३ मध्ये औषधांबरोबर चालणेही नेमून दिले: ऊन चढण्याआधी, चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगाने, हळूहळू वाढवीत. पती हरिदास सोबतीला असत. पाच मिनिटांवरून त्या वीस मिनिटांवर आल्या. आणि हरिदास ट्रॅक्टरखाली सापडून गेले.

पुढे घरात एकच नियम झाला: बोहणी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होण्याआधी विधवेचे तोंड दुकानात दिसू नये. बोहणी होईतो आठ वाजत, तोवर ऊन तापे. चालण्याला बंदी कोणीच घातली नव्हती. रूढी अशीच मोघम बोलते आणि बळी मात्र नेमका घेते.

तीन महिन्यांत पाय सुजले. न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरावी लागे. इस्पितळात सदाशिवरावांनी अभिमानाने सांगितले, "वयनीले आम्ही गिलासही उचलू देत नाई."

"तेच चुकलं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी औषधे बदलली. सूज उतरल्यावर चालणे पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करायला सांगितले.

सूज उतरली, पण नियम कायम राहिला. धुरपताबाई रडल्या नाहीत. आपले दुखणेही त्यांना परक्या घरच्या वार्तेसारखे कळे.

पुतणसून मयुरीने युक्ती काढली. "मोठ्याई, उद्या दुकान उघडल्याबरोबर मीच साबण इकत घेतो. झाली बोहणी! मंग तुम्ही मोकळ्या."

"म्हंजे माह्यं तोंड वाईट हाये, हे मी कबूल करू? साबण राहू दे, मयुरी."

दुसऱ्या दिवशी सहाला त्या चपला घालून दुकानात आल्या. सदाशिवरावांच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली.

"वयनी! काऊन आल्या? बोहणी व्हायची हाये."

"चालाले जाऊन राह्यली, भाऊजी."

"आठ वाजता जा ना! कोण अडवून राह्यलं तुमाले?"

"ऊन अडवते."

पायरीवर उभे असलेले शेजारी बंडूजी हसले. "सदाशिवराव, आज दुकान बसलं म्हणा!"

धुरपताबाई त्यांच्याकडे वळल्या. "बंडूजी, तुमची माय बारा वर्सं रंडकी होती. तिच्या हातची सकायची भाकर खातच होते ना?"

बंडूजी काही न घेता परतले. धुरपताबाई पाच मिनिटे चालल्या. ना आनंद वाटला, ना भीती.

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या दाराला आतून कुलूप होते आणि किल्ली सदाशिवरावांच्या खिशात. धुरपताबाई दाराशी बसून राहिल्या. त्या दिवशी गिऱ्हाईक लवकर आले आणि बाहेरून हाका मारू लागले. सदाशिवरावांनी खिशातली किल्ली चाचपली. पण एका विधवेला अडवायचे तर साऱ्या बाजाराला अडवावे लागत होते.

त्यांनी कुलूप काढले. धुरपताबाई त्यांच्याआधी पायरी उतरल्या, आणि गिऱ्हाइकासमोरून सहा मिनिटे चालल्या.