बायके

"केअर म्हणजे काळजी. 'फुल' जोडलं की काळजी घेणारा, 'लेस' जोडलं की बेफिकीर. घोडा तोच, खोगीर बदललं की काम बदलतं," घरच्या इंग्रजी शिकवणीत फळ्यावर लिहीत तोक्तोसुन मास्तर म्हणाले.

"म्हणजे माझी गाडी ब्रेकलेस, मास्तर!" एसेन ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणून तर तुझे प्रवासी प्रेअरफुल."

वर्ग हसला. मास्तरांनी 'चाइल्ड' लिहिलं, 'हुड' जोडून बालपण केलं. 'लेस' एसेननेच जोडलं. "चाइल्डलेस! निपुत्रिक. तुमच्यासारखा."

चहा घेऊन बुरुल दारातच उभी होती. 'मी आहे की' हे शब्द ओठांपर्यंत आले. तिने तबक सावरलं.

"उच्चार बरोबर," मास्तर म्हणाले. "पुढचा शब्द."

त्यांच्या कोचकोर गावच्या रीतीने पहिलं मूल आजी-आजोबांचं. बुरुल त्यांनाच आई-बाबा म्हणत वाढली. जन्मदात्याला, म्हणजे मास्तरांना, ती म्हणे बायके, थोरला भाऊ. पुढे आजी-आजोबा गेले, मास्तरांची बायकोही गेली. दुसरं मूल झालंच नव्हतं. हाक मात्र तीच राहिली. राजधानीत, बिश्केकला, पुस्तकांचे अनुवाद करून पोट भरणारी बुरुल सुटीला घरी येई, तेव्हाही.

"बायके, चहा."

"ठेव, पोरी. दूध घातलंस?"

"घातलं."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. पहाटे मास्तर उठले नाहीत.

अंगणात लोकरीचा तंबू उभा राहिला. मास्तरांना आत पडद्यामागे ठेवलं. बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या. भेटायला माणसं आली की घरच्या बाईने गाऊन रडायचं. मास्तरांची बहीण जुमाकान, रीतीने बुरुलचीही ताईच, गाऊन गाऊन थकली होती.

"आता तू. माझ्यासारखंच म्हण, भाऊ गेला माझा, पाठ उघडी पडली."

"ताई, मला नाही जमणार."

"एवढी पुस्तकं वाचलीस नि दोन ओळी येत नाहीत? त्याच्यामागे रडायला लेक नाही, निदान बहिणींनी तरी रडावं."

बाहेर एसेन आणि वर्गातले बाकीचे हंबरडा फोडत अंगणात शिरले. तंबूतल्या बायका बुरुलच्या गाण्याची वाट पाहू लागल्या.

बुरुलने काळा रुमाल कपाळावर ओढला. चाल तिला येत नव्हती. साध्याच आवाजात, पण बाहेर ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"बाबा गेले. माझे बाबा."