नको ते खोडा

आमच्या कारखान्यात खेळणं जन्माला येण्याआधीच त्याचं सासर ठरवावं लागतं. दुकानात गल्ल्या दोनच, एक गुलाबी आणि एक निळी. दोन्हीकडे जे नांदणार नाही ते थेट गोदामात. कोण कुठे नांदेल याचा फॉर्म सतरा वर्षं मी भरतोय. त्याची शेवटची ओळ अशी: ‘मुलगा / मुलगी (नको ते खोडा)’. मी खोडतो, उरेल ते खोक्यावर छापलं जातं. पोटासाठी माणसं याहून वाईट कामं करतात.

डिझायनरबाईंची दोन खेळणी आधीच गोदामात पडली होती. तिसरं होतं कपडे धुण्याचं यंत्र. दांडा फिरवला की आतला ड्रम खरंच फिरायचा, आणि मागची बाजू पारदर्शक असल्यामुळे दातेरी चाकं दिसायची. साहेबांनी बजावलं होतं, हेही गोदामात गेलं तर बाईंनी त्याच्यासोबत जायला आपली हरकत नाही. चाचणीच्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं.

“भाऊ, काहीही खोडा. पण काहीतरी खोडा.”

चाचणीच्या खोलीत चार मुली आणि चार मुलगे सोडले. मधल्या काचेत त्यांना आरसा दिसतो, आम्हाला ती दिसतात. साहेबांचा अंदाज असा की मुली बाहुलीचे फ्रॉक धुतील, मुलगे यंत्र आपटतील, दहा मिनिटांत गुलाबी ठरेल आणि चहा गरम असतानाच मिळेल.

आठही जणं उठून यंत्राच्या मागे जाऊन बसली. पुढे मांडलेल्या फ्रॉकांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मोठं चाक एकदा फिरलं की लहान चाक किती वेळा फिरतं, यावर वाद पेटला. वेणीवाली म्हणाली तीन. चष्मेवाला म्हणाला साडेतीन, आणि आपलं बरोबर आहे हे दाखवायला त्याने स्वतःचा रुमाल ड्रममध्ये टाकला. मग सगळ्यांनीच रुमाल टाकले. यंत्र कण्हू लागलं.

माझ्या फॉर्मवर ‘मुलीसारखं खेळले’ आणि ‘मुलासारखं खेळले’ असे दोन रकाने होते. डोक्याला डोकं लावून चाक बघत बसणं यांपैकी कशात घालायचं, ते सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

“अरे, कुणीतरी धुवा रे,” साहेब काचेला म्हणाले. थोड्या वेळाने पुटपुटले, “साडेतीनच असणार.”

बाईंना उत्तर माहीत होतं.

फॉर्म छापखान्यात जायची वेळ झाली तेव्हा मी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. बाईंचा चेहरा आठवला, त्या आठ माना आठवल्या. शेवटी नुसती सही केली.

छापखाना आमचा प्रामाणिक. फॉर्मवर होतं तसं दोन हजार खोक्यांवर ठळक छापलं: ‘मुलगा / मुलगी (नको ते खोडा)’. साहेबांना कळेपर्यंत माल दुकानांत पोचला होता. हे कुठल्या गल्लीत ठेवायचं ते न कळल्याने दुकानदारांनी यंत्र काउंटरवर मांडलं, आणि पैसे द्यायला थांबलेला प्रत्येकजण दांडा फिरवून बघू लागला.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं तेव्हा टेबलावर निरोपाची दोन पाकिटं होती, एक बाईंचं, एक माझं. ती आमच्या हातात पडणार एवढ्यात शिपाई पहिली तक्रार घेऊन आला. अडकलेलं यंत्र खोक्यासकट परत आलं होतं. खोक्यावर ‘मुलगा’ खोडलेलं, ‘मुलगी’ही खोडलेलं, आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं: ‘आजोबा’. सोबत चिठ्ठी होती की लवकर दुरुस्त करून पाठवा, घरात फार चिडचिड चालली आहे.

साहेबांनी यंत्र उलटं करून मागून पाहिलं. मग अजून जवळून पाहिलं.

“स्क्रू-ड्रायव्हर आहे का हो?”

बाईंनी पर्समधून काढून दिला. साहेबांनी मागची बाजू उघडली, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून ते माझ्या पाकिटावर ओळीने मांडले. बाईंच्या पाकिटाच्या पाठीवर ते चाकांचे दाते मोजून आकडे लिहू लागले.

“पुढचं खेळणं कुठलं करताय?” मान वर न करता त्यांनी बाईंना विचारलं.

“आधी हे मोजून होऊ दे,” बाई म्हणाल्या. “एक दाता सुटला तुमचा.”