बेंजोवाल्याचा सत्कार

लोहारा गावातल्या रामलिंगच्या डोक्यात हा किडा सोडला तो त्याच्या मुलीनं, निकितानं. तिनं मोबाइलवर अमेरिकेतला एक बेंजोवाला दाखवला. त्याचा बेंजो गोल, डफाला दांडी लावल्यासारखा. रामलिंगचा म्हणजे लांबट पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. तिकडच्या डोंगरी खेड्यांतलं ते संगीत, त्याला ब्लूग्रास म्हणतात, असं ती सांगत होती. रामलिंगचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याला झोंबलं ते वेगळंच. समोरची माणसं खुर्च्यांवर बसून मुकाट ऐकत होती.

आणि इथं? सगळी उमर वरातीच्या टेम्पोत धुराळा खाण्यात गेली. जरा सुरात शिरून एखादी हरकत घ्यावी, तर खालून नाचणारं कुणीतरी ओरडणार, "ओ बेंजो, ठेका मोडू नका." माणसाला नावसुद्धा नाही. आता तर डीजे आल्यापासून तेही ओरडणं बंद झालं होतं.

अशात सास्तूरचे अडतवाले बंडप्पा मुलीच्या लग्नाची सुपारी घेऊन दारात आले.

"परण्याच्या मिरवणुकीला डीजे हाय," ते म्हणाले. "तुम्ही मांडवात वाजवायचं. अक्षतेच्या आधी, एकट्यानं. आमची अव्वा जात्यावर म्हणायची ती ओवी. लोक बसून ऐकतील."

बसून ऐकतील, एवढंच रामलिंगच्या कानात राहिलं. तो मोटारसायकलवरून सास्तूरला जायला लागला. बंडप्पांची आई मल्लम्मा पार थकलेली, पण गळ्यात अजून धग होती. ओवी अर्धी कानडी, अर्धी मराठी. माहेरचं नाव आलं की तिचा आवाज एका जागी असा घसरायचा, की बटणाचं वाद्य तिथं हात टेकायचं. बटण म्हणजे ठाम सूर, त्याला घसरणं ठाऊक नाही. शेवटी बटणामागं अंगठ्यानं तार दाबून रामलिंगनं ती जागा काढली. मल्लम्मा डोळे मिटून म्हणाली, "आता माझ्यावाणी झालं." आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी आपलं वाजवणं ऐकल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून हलेना. डीजेपुढं पोरं अशी काही पेटली होती, की मांडवात यायलाच मुहूर्ताची वेळ झाली. रामलिंग स्टेजसमोर बेंजो मांडीवर घेऊन बसला होता. समोर भरलेल्या खुर्च्या. पहिल्या रांगेत मल्लम्मा.

पण आधी सत्कार. व्याही, सरपंच, कारखान्याचे संचालक, नवऱ्याच्या मामाचे मित्र. एकेकाला फेटा, शाल, नारळ. माईक सूत्रसंचालन करणाऱ्या गौरीशंकर गुरुजींच्या हातात, आणि गुरुजींच्या हातातून माईक सुटणं म्हणजे कठीण काम. रामलिंगनं दोनदा खूण केली. गुरुजींनी हातानंच थांबा म्हटलं.

मग एकदम त्याचंच नाव पुकारलं गेलं.

"मल्लम्माअव्वांची ओवी ज्यांनी बेंजोवर वाजवून आपल्या सर्वांच्या डोळ्यांत पाणी आणलं, त्या रामलिंगरावांचा सत्कार."

वाजवून झाल्यावर बोलायचं ते गुरुजींनी घाईत आधीच बोलून टाकलं होतं. टाळ्या पडल्या. बंडप्पांनी स्वतः फेटा चढवला, हातात नारळ दिला.

"मालक, म्या अजून वाजवलं न्हाय," रामलिंग त्यांच्या कानाशी म्हणाला.

"आता कसं जमतंय? सत्कार झाला की," बंडप्पा म्हणाले. "मुहूर्त टळायलाय."

खरंच, सत्कार झाल्यावर वाजवायचं काय उरतं? अक्षता पडल्या, फटाके उडाले, डीजे पुन्हा सुरू झाला. जेवायला निघालेले दोघंतिघं जाता जाता त्याला म्हणाले, झकास वाजवलंत. रामलिंगला त्या नारळानं कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. पुतण्या सोमेश, जो साउंड बघायचा, त्यानं बेंजोची वायर काढून गुंडाळायला घेतली. "काका, जेवून घ्या, टेम्पो भरायचाय."

खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मल्लम्मा तेवढी बसून होती. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणलं.

"लिंगा, माझा डोळा लागला वाटतं रं. समदे म्हणत्यात लई ग्वाड वाजवलंस. म्या ऐकलंच न्हाय." ती कावरीबावरी झाली होती.

शिव्या दिल्या असत्या तरी त्यानं ऐकून घेतल्या असत्या. हे सोसवेना.

"वाजवलंच न्हाय, अव्वा," तो तिच्या कानात ओरडला.

"मग फेटा कशाचा?"

याला काय सांगणार? रामलिंगनं फेटा उतरवून शेजारच्या खुर्चीवर ठेवला, तिच्या पायाशी बसकण मारली आणि बेंजो मांडीवर घेतला. बिनवायरीच्या तारांचा आवाज डीजेपुढं त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. तरी पहिल्यापासून वाजवलं. माहेरच्या नावाशी अंगठा घसरला. मल्लम्मा त्याच्या बोटांकडं एकटक बघत होती, तिचे ओठ हलत होते. ती ओवी म्हणत होती की वाजवायला कधी घेतोस म्हणून विचारत होती, हे त्या दणदणाटात त्याला काही कळलं नाही.