घुमट इथला, यंत्रही इथलंच

विणकर वस्तीतल्या शाळेच्या घुमटात पन्नास वर्षं राहिलेलं तारांगणाचं यंत्र आज जाणार होतं. दारात ट्रकही लागला होता.

"चालू असेल तर जागेवरच जपायचं, बंद असेल तर संग्रहालयात न्यायचं," नागपूरहून आलेले चंद्रकुमार साहेब कागद दाखवत म्हणाले. "माझ्या हातात एवढंच आहे, मॅडम."

"चालते सायेब! थांबा तर खरं!"

शाळेची शिक्षिका उर्वशी कडेवरच्या लेकीला, अंजूला, सावरत यंत्राला भिडली होती. तिनं स्वतः पहिल्यांदा मृग ओळखला तो याच घुमटात. अंजूनं तो संग्रहालयात, काचेच्या पेटीबाहेर उभं राहून बघायचा? छे!

बल्ब पेटला, मोटर गुरगुरली. यंत्र फिरवणारी दोरी तेवढी कुजली होती. उर्वशीनं नवी सुती दोरी घट्ट गाठ मारून चढवली आणि दिवे मालवले. तारे उमटले, सरकले, अन् गाठ चाकावर आली तसे टुणकन उडाले. पुन्हा टुणकन!

"आकाशाले उचकी लागली का वं?"

दारात कौशल्याबाई, तिच्या सासूबाई. नातीला न्यायला आलेल्या. साहेबांनी 'बंद' लिहायला पेनाचं टोपण काढलं.

"लिहून कायले राहिले? थांबा!" बाई गरजल्या. "अन् तू वं, मागवाल्याची सून ना? ताण्याले कोनी गाठ मारते?"

उर्वशीनं कपाळावर हात मारला. खरंच की! मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, जुन्याला जोडताना घरी गाठ कधीच नसते. राख लावलेल्या चिमटीत दोन्ही टोकांना पीळ देतात, बस्स.

"राख पायजे, आत्याबाई!"

"शाळेच्या चुलीत हाये. पळ!"

अंजूला सासूबाईंच्या कडेवर देऊन ती पळाली. अंजू आजीच्या कडेवरून टाळ्या पिटत होती. राख येताच कौशल्याबाईंनी नातीला पुन्हा सुनेकडे दिलं, गाठ सोडून दोरीचे पदर उकलले, राखेनं पीळ देत एकेक पदर वेगवेगळ्या जागी जोडला, म्हणजे कुठंच फुगवटा नको. बोटं अशी चालत होती, की साहेब पेन विसरून खाली वाकले.

"मोटर लाव."

सूर्य घुमटाच्या कडेला टेकला, बुडाला. मृग वर आला, संथ, लोण्यासारखा. एकही हिसका नाही! उर्वशीनं तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच.

अंधारात साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली, "ट्रक रिकामाच ने रे!"

मग हळूच म्हणाले, "माय, सूर्य आणखी एकदा मावळवता का?"